काळोख आणि कोडगेपणा



गुन्हेगारीचे चित्रपट मी आवडीने पाहतो, हे आधीच कबूल केलेले बरे. तेव्हा रिडली स्कॉट यांच्या २०१३ सालच्या ‘द काउन्सेलर’ने माझी निराशा केली, ही कोणा सोवळ्या माणसाची तक्रार समजू नये.

पटकथा कॉरमॅक मॅकार्थी यांची. त्यांच्याच कादंबरीवरून कोएन बंधूंनी २००७ साली ‘नो कंट्री फॉर ओल्ड मेन’ काढला होता. दोहोंत अमेरिका-मेक्सिकोची तीच सरहद्द, अमली पदार्थांचा तोच व्यापार, तोच रक्तपात. आणखी एक साम्य आहे. दोहोंत नायक एक बरे कृत्य करतो आणि तेच त्याला भोवते.

आधीच्या चित्रपटात मॉस वाळवंटातून पैशांची पेटी उचलून आणतो. तेथे एक जखमी माणूस पाणी मागत होता. मॉसला रात्री झोप येत नाही. तो उठतो, पाणी भरून घेतो आणि परत जातो. तेथेच मारेकऱ्यांची दृष्टी त्याच्यावर पडते. दुसऱ्या चित्रपटातला वकील तुरुंगातल्या अशील बाईच्या शब्दाखातर तिच्या मुलाला कोठडीतून सोडवतो. मुलगा टोळीच्या कामातला निघतो, त्याचा खून होतो, माल पळवला जातो आणि संशय वकिलावर येतो.

मग फरक कोठे? मॉस मेला तरी त्याने नेलेले पाणी आपल्या मनात राहते. शिवाय तेथे म्हातारा शेरीफ बेल आहे. तो दर वेळी उशिरा पोचतो, पण त्या उशिराची त्याला खंत आहे. वकिलाचा चांगुलपणा मात्र केवळ कथानकाची कळ ठरतो. त्याची वाग्दत्त वधू पळवली जाते. तो रडून गयावया करतो, तेव्हा फोनवरचा माणूस त्याला तत्त्वज्ञान ऐकवतो, आणि चित्रपट त्याला मान डोलावतो!

कोणी म्हणेल, जगच तसे आहे. त्याच सरहद्दीवर सियुदाद हुआरेस हे शहर आहे. १९९३ पासून तेथे शेकडो स्त्रियांचे खून झाले. त्यांच्या आयांनी गुलाबी क्रूस उभारले, मोर्चे काढले, दाद मागितली. २००९ साली आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने तीन मुलींच्या प्रकरणात मेक्सिको सरकारला जबाबदार धरले. खून थांबले असे नाही. परंतु त्या आयाही त्याच जगातल्या आहेत. त्यांना वगळून काढलेले चित्र निर्भीड नव्हे, अपुरे म्हणावे लागेल.

आपल्या रसशास्त्राने करुणाला स्थान दिले, बीभत्सालाही दिले. पण करुणाला शोक करणारा कोणी तरी लागतो. कलावंताने काळोख खुशाल दाखवावा; त्यात कोणाचे काय हरपले, याची जाण मात्र त्याला असावी.