रुईच्या कुळांतील एक परदेशी फूल

उत्तर अमेरिकेच्या मध्यभागीं उंच गवताचीं अफाट रानें होतीं. तिकडे त्यांस ‘प्रेअरी’ म्हणतात. तीं नांगराखालीं गेलीं, आणि आज त्यांतील शेंकडा ४ भागही शिल्लक नाहीं. ‘बटरफ्लाय मिल्कवीड’ हें नारिंगी फुलांचें झाड त्याच रानांतलें. तें महाराष्ट्रांतील रुईच्या कुळांतलें खरें, पण त्याला रुईसारखा पांढरा चीक नसतो. मोनार्क फुलपाखराचे सुरवंट मिल्कवीडच्या जातींवांचून जगत नाहींत. म्हणून तिकडील पुष्कळ कुटुंबें तें परसांत लावतात.

याचें बीं थंडी भोगल्याशिवाय नीट रुजत नाहीं. तें हिवाळ्याच्या तोंडावर उघड्यावर पेरावें, किंवा ओलसर वाळूंत मिसळून महिनाभर शीतकपाटांत ठेवावें. जागा भरपूर उन्हाची व निचऱ्याची असावी. मूळ सरळ खोल जातें, म्हणून लावलेलें झाड हलवूं नये. फूल येण्यास २-३ वर्षें लागतात.

वसंतांत इतर झाडें हिरवीं झालीं तरी हें जमिनींतच असतें. तें मेलें असें समजून तेथें कुदळ घालूं नये. जागेवर आधींच खूण ठेवावी. आणि पुढें पानें कुरतडलेलीं दिसलीं, तरी औषध फवारूं नये. त्या सुरवंटांसाठींच तर झाड लावावयाचें!