उपदेश नको, प्रश्न विचारा

(भोर येथे गट-मार्गदर्शकांच्या प्रशिक्षणात केलेलं भाषण)



मी भोरचा, पेशानं सॉफ्टवेअर इंजिनिअर. आज वेल्ह्याहूनही काही मुलं-मुली आली आहेत. शिक्षा भोगून परतलेल्यांचे गट कसे चालवायचे, हे आपल्याला शिकायचंय. सुरुवात माझ्या चुकीपासून करतो.

माझा चुलतभाऊ मारामारीच्या गुन्ह्यात दोन वर्षं आत होता. सुटून आला तेव्हा मी त्याला तासभर सुनावलं. चाचीचे हाल सांगितले, अल्लाहची भीती घातली. तो मान डोलावत राहिला. आठवड्यात पुन्हा भांडण! अम्मी म्हणाली, "तू बोललास खूप, पण त्याला एक तरी प्रश्न विचारलास का?"

'थिंकिंग फॉर अ चेंज' हा अमेरिकेतला कार्यक्रम १९९७ पासून चालतो. त्यात साधारण ८ ते १२ जणांचा गट असतो आणि दोन मार्गदर्शक. प्रत्येकानं चार गोष्टी लिहायच्या: काय घडलं, मनात कोणते विचार आले, काय वाटलं, आणि त्यामागची समजूत कोणती. मग कोणता विचार आपल्याला अडचणीत नेतो ते शोधायचं, दुसरा विचार करून बघायचा आणि प्रसंग उभा करून सराव करायचा.

भावासोबत हे करून पाहिलं. त्याला कुणीतरी 'जेलवाला' म्हटलं होतं. त्यानं लिहिलं, "गप्प बसलो तर सगळे डोक्यावर बसतील." त्यामागची समजूत: "हात उचलला नाही तर इज्जत जाते." ही समजूत त्यानं स्वतः शोधली. मी फक्त विचारलं, "या विचारानं तुला कुठं नेलं?" बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, "येरवड्याला."

मार्गदर्शकाचं काम एवढंच. वाद घालायचा नाही, लाज आणायची नाही. आधी स्वतःचा कागद भरून दाखवायचा. मी माझा भरला: "भेटायला गेलो तर लोक काय म्हणतील?" या एका विचारापायी दोन वर्षांत मी त्याला एकदाही भेटलो नव्हतो. तो कागद वाचून दाखवला, त्या दिवशी तो माझ्याशी मोकळा बोलला.

दोन गोष्टी विसरू नका. देशातल्या तुरुंगांत सुमारे तीन-चतुर्थांश कैदी कच्चे आहेत, त्यांचे खटले अजून चालू आहेत. गुन्हा सिद्ध न झालेल्या माणसाला गटात गुन्ह्याची कबुली द्यायला लावायची नाही. दुसरी गोष्ट, नुसता विचार बदलून पोट भरत नाही. औंध संस्थानानं १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. तिथं कैद्यांना शेती दिली, कुटुंबासोबत राहू दिलं. 'दो आँखें बारह हाथ' हा १९५७ चा चित्रपट त्यावरूनच आला. त्या प्रयोगात भरवसा होता, तसं कामही होतं.

म्हणून गट सुरू करण्याआधी स्वतःला विचारा: हा माणूस उद्या माझ्या दुकानात काम मागायला आला, तर माझ्या मनात पहिला विचार कोणता येईल?

तोच कागदावर लिहा. आपला पहिला सराव तिथूनच.