पोटातील गाठ आणि आईचे डोळे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मुलांच्या आरोग्याविषयी चार शब्द बोला, असे मंडळाने मला सांगितले. मी सातवीपर्यंत शिकलेली, घरसंसार करणारी बाई. मोठे शब्द माझ्यापाशी नाहीत. पण गेल्या वर्षी नणंदेच्या नातवाच्या आजारपणात मी इस्पितळात सोबतीला राहिले. तेथे जे पाहिले आणि समजून घेतले, ते आपल्यापुढे ठेवते.

मूल तीन वर्षांचे. खाणेपिणे, खेळणे नीट. एके दिवशी न्हाऊ घालताना आईच्या हाताला त्याच्या कुशीत टणक गोळा लागला. कोणी म्हणाले जंत, कोणी म्हणाले पाणथरी, तेल लावून चोळा. सुनेने चोळू दिले नाही, दवाखाना गाठला. गोळा मूत्रपिंडाचा निघाला.

मुलांच्या मूत्रपिंडातील या कर्करोगाला विल्म्सची गाठ म्हणतात. माक्स विल्म्स या जर्मन शल्यवैद्याने १८९९ साली तिचे सविस्तर वर्णन केले. बहुधा पाच वर्षांच्या आतील मुलांना ती होते. पुष्कळदा दुखत नाही, म्हणूनच फसगत होते. चोळले-दाबले तर गाठ फुटून रोग पोटात पसरण्याची भीती असते.

मग न दाबता आतले कळावे कसे? पहिली तपासणी सोनोग्राफीची. आपण बायका तिला गरोदरपणातलीच समजतो. तिच्यात सुई नाही, क्ष-किरण नाहीत; कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींनी चित्र उमटते. गोळा मूत्रपिंडाचा की दुसरीकडचा, भरीव की पाण्याचा, हे दिसते. लघवी तुंबून मूत्रपिंड फुगले तरी गोळा लागतो. तो कर्करोग नव्हे. गाठ मोठ्या शिरेत शिरली आहे का, तेही पाहतात.

पुढे सी.टी. किंवा एम.आर.आय. करतात. सी.टी.त क्ष-किरण असतात. एम.आर.आय.त ते नसतात, पण वेळ फार लागतो आणि यंत्राचा आवाज मोठा. मूल हलले तर चित्र बिघडते, म्हणून लहानग्याला बहुधा गुंगीचे औषध देतात. त्याआधी उपाशी ठेवतात, कारण गुंगीत उलटी होऊन श्वासनलिकेत जाऊ शकते. तेव्हा आज्यांनो, माया म्हणून चोरून बिस्किट देऊ नका!

नणंद म्हणाली, "एवढे फोटो कशाला? पैसे काढायला?" डॉक्टरांनी शांतपणे सांगितले, "आजी, एक मूत्रपिंड काढावे लागेल. दुसरे निरोगी आहे ना, हे आधी पाहायला नको का?" क्वचित दोन्हीकडे गाठ असते. छातीची तपासणी करतात, कारण हा रोग फुप्फुसांत जातो. आधी औषध की आधी शस्त्रक्रिया, हे ठरवतानाही या चित्रांचाच आधार असतो. हे ऐकल्यावर नणंदेने हातातल्या पाटल्या काढून मुलापुढे ठेवल्या.

नातवाची शस्त्रक्रिया झाली, औषधे अजून चालू आहेत. एका निरोगी मूत्रपिंडावर माणूस चांगला जगतो. जेथे वेळेवर व पूर्ण उपचार मिळतात, तेथे शंभरातील सुमारे ९० मुले बरी होतात.

भगिनींनो, मुलाचे पोट एका बाजूला फुगले, हाताला गोळा लागला किंवा लघवी लाल झाली, तर अंगारा-धुपाऱ्यात दिवस घालवू नका. लगेच डॉक्टरांकडे जा आणि सोनोग्राफीविषयी विचारा. आणि मुलगी असली तर "बघू पुढच्या महिन्यात" असे मुळीच म्हणू नका. गाठ मुलगा-मुलगी पाहत नाही.