गाभण शेळीचा खुराक

शेळी साधारण १५० दिवस गाभण असते. पहिले तीन महिने चांगला चारा पुरतो. खरी गरज शेवटच्या दीड महिन्यात. पोटातल्या करडाची बहुतांश वाढ तेव्हाच होते. आपली उस्मानाबादी शेळी तर अनेकदा जुळी देते. पोटात जागा कमी, गरज मात्र जास्त. म्हणून या काळात रोज २०० ते ३०० ग्रॅम खुराक द्या: भरडलेला मका, पेंड, थोडा गव्हाचा कोंडा आणि क्षार मिश्रण. पण हळूहळू वाढवा, एकदम धान्य दिलं तर पोट बिघडतं. सोबत तुरीचं भुसकट, सुबाभूळ, शेवरीचा पाला हवाच. जुळी असलेली शेळी खाणं सोडून सुस्त पडली, तर उद्यावर ढकलू नका, पशुवैद्यकाला लगेच बोलवा.

व्याल्यावर कोमट गूळपाणी आणि हलका कोंडा द्या. खुराक आठवडाभरात वाढवत न्या, दूध त्यावरच येतं. आणि कृपा करून चीक काढून टाकू नका! करडाला तो पहिल्या तासाभरातच पाजा, वार पडण्याची वाट न पाहता. रोगांशी लढायची पहिली ताकद त्याला त्यातूनच मिळते.