मुक्त प्रणालीची पोथी कोणत्या लेखणीने लिहावी?

(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषणाचा संक्षेप)



मराठीच्या अध्यापकाने संगणकाविषयी बोलावे याचे आपणांस नवल वाटेल. परंतु प्रश्न लेखनाचाच आहे. ग्रंथालयांसाठीची 'कोहा' ही मुक्त संगणकप्रणाली न्यूझीलंडमध्ये २००० साली वापरात आली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. ही भेट वापरावी कशी, हे सांगणारी पुस्तिका निरनिराळ्या देशांतील माणसे मिळून लिहितात. त्यांनी कोणती लेखणी हाती घ्यावी?

प्रथम मनात येतो तो पाने सुबक जुळवून देणारा वर्ड प्रोसेसर. एकट्याच्या पत्रास तो उत्तम. पण दहा जण एकाच प्रकरणावरून हात फिरवू लागले, की कोणी कोणती ओळ बदलली हे उमगणे अवघड होते. साध्या मजकुराच्या फाइलीत ते सोपे जाते. लायनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली रचलेली 'गिट' ही व्यवस्था ओळीओळीतील फेरफार, करणाऱ्याच्या नावासह, जपून ठेवते. पाठभेद नोंदविणाऱ्या संपादकास हे काम ओळखीचेच वाटेल.

मथळे, याद्या, तळटीपा दाखविणाऱ्या खुणांची निवड मात्र करावीच लागते. 'डॉकबुक'च्या खुणा काटेकोर, पण नवख्यास जाचक. जॉन ग्रूबर यांची २००४ मधील 'मार्कडाउन' पद्धत एका बैठकीत शिकता येते. मोठ्या ग्रंथातील परस्परसंदर्भांना मात्र ती अपुरी पडते. 'रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट' ही या दोहोंमधली वाट. कोहाची पुस्तिका आज तिच्यातच लिहिली जाते, आणि त्याच मजकुरातून पडद्यावरची व छपाईची अशा दोन्ही प्रती निघतात.

तात्पर्य, साधन असे असावे की नव्या लेखकास दार उघडे राहील आणि मजकूर त्या साधनाचा बंदा होणार नाही.

हे मी पुस्तकी ज्ञानावरून सांगत नाही. १९९६ साली एका हस्तलिखितसंग्रहाची सूची मी त्या काळच्या एका खासगी प्रणालीत, तिच्याच खास फाँटमध्ये उतरवली होती. पुढे ती प्रणाली गेली, फाँट गेला. फाइल आहे, पण वाचता येत नाही. मूळ पोथ्यांपैकी काहींना दरम्यान वाळवी लागली. त्यांची नावेसुद्धा आता कोठे उरली नाहीत.

शंभर वर्षे ग्रंथ सांभाळणाऱ्या या संस्थेस याहून अधिक काय सांगावे?