गुलामीची थकबाकी



आज एका बाईची ओळख करून देते. कॅली हाउस तिचं नाव. अमेरिकेत टेनेसी राज्यात नॅशव्हिल शहर आहे, तिथली. साधारण १८६१ साली ती जन्मली, तेव्हा तिकडे काळ्या लोकांची गुलामी चालू होती. म्हणजे पोर जन्मली तीच दुसऱ्याच्या मालकीची. चार-पाच वर्षांची होती तेव्हा तिथलं यादवी युद्ध संपलं आणि १८६५ साली गुलामी कायद्याने बंद झाली. पुढे लग्न झालं, पाच मुलं झाली, नवरा वारला. लोकांचं धुणं धुऊन आणि शिवणकाम करून तिने घर चालवलं.

तिच्या आजूबाजूला म्हातारी माणसं होती. उभा जन्म मालकाच्या रानात कापूस वेचलेली. मजुरी म्हणून एक पैसा हातात पडला नव्हता. सुटका झाली ती अंगावरच्या कपड्यानिशी. काही कुटुंबांना युद्धाच्या शेवटी एका सेनापतीच्या हुकुमाने समुद्रकाठची जमीन मिळाली होती, चाळीस एकरांपर्यंत. पण त्याच वर्षी नवे राष्ट्राध्यक्ष आले आणि त्यांनी ती बहुतेक जमीन जुन्या मालकांना परत देऊन टाकली. आपल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिलं आणि ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या भल्या लोकांना अर्पण केलं. रास्तच होतं ते. पण मुक्त झालेल्यांच्या पदरात काय पडलं, हा प्रश्न तिकडे तसाच पडून होता.

कॅलीबाईने तो उचलला. कसा? तर गट बांधून. १८९० नंतरच्या त्या वर्षांत तिने आणि तिच्या सोबत्यांनी पूर्वीच्या गुलामांची एक संस्था उभी केली. गावोगावी शाखा काढल्या. सभासद महिन्याला थोडी वर्गणी द्यायचे. त्यातून आजाऱ्याचं औषधपाणी, मेलेल्याची माती व्हायची. हे झालं एक काम. दुसरं काम सरकारकडे मागणी करण्याचं: युद्धात लढलेल्या सैनिकांना पेन्शन देता ना, मग फुकट राबलेल्या या म्हाताऱ्यांनाही द्या. हजारो माणसं सभासद झाली. ही बाई राज्याराज्यांतून फिरायची, सभा घ्यायची.

सरकारने काय करावं? १८९९ साली पोस्टखात्याने संस्थेची पत्रं आणि मनिऑर्डरी अडवायचा हुकूम काढला. कारण काय दिलं, तेवढं नीट ऐका. सरकार असं पेन्शन कधीच देणार नाही, मग त्याच्या नावावर वर्गणी गोळा करणं ही लोकांची फसवणूक! देणार नाही म्हणणारं सरकार, आणि फसवणारी कोण, तर मागणारी.

ती मागे हटली नाही. १९१५ साली संस्थेच्या बाजूने वॉशिंग्टनच्या कोर्टात दावा लागला. १८६२ ते १८६८ या काळात सरकारने कापसावर कर घेतला होता, तो ६ कोटी ८० लाख डॉलर भरत होता. दाव्यात म्हटलं होतं की तो कापूस आमच्या हातांनी पिकवला, वेचला. ही रक्कम तुमच्या तिजोरीत जमा आहे, ती आम्हाला द्या. कापसाच्या भागातल्या माझ्या बहिणींना यातली नेमकी बोच कळेल. रक्कम ठरलेली, कुठे जमा आहे तेही ठरलेलं. कोर्ट म्हणालं, सरकारच्या संमतीवाचून सरकारवर दावा चालत नाही. झालं.

नंतर पोस्टातून फसवणूक केल्याचा खटला तिच्यावर भरला. निकाल देणारे पंच सगळे गोरे, सगळे पुरुष. १९१७ साली एक वर्ष एक दिवसाची शिक्षा झाली. ती मिसुरी राज्यातल्या तुरुंगात गेली. सुटून आल्यावर पुन्हा धुणं आणि शिवण. १९२८ साली गेली. पेन्शन कोणाला मिळालं नाही.

आता कोणी म्हणेल, एवढे पैसे सरकारने आणायचे कुठून? गुलामी संपवताना पैसे दिले गेलेच आहेत, मैत्रिणींनो. फक्त ते मालकांना दिले गेले. १८६२ साली वॉशिंग्टन शहर आणि परिसरातले गुलाम सोडवताना सरकारने मालकांना माणशी ३०० डॉलरपर्यंत भरपाई दिली. इंग्लंडने १८३३ साली कायदा केला आणि आपल्या वसाहतींतल्या मालकांसाठी २ कोटी पौंड मंजूर केले. त्या काळातल्या सरकारच्या वर्षाच्या खर्चाच्या सुमारे चाळीस टक्के. अर्ज करणाऱ्यांत बायकाही पुष्कळ होत्या. वारशाने माणसं मिळालेल्या विधवासुद्धा. तेव्हा बाई आहे म्हणजे ती दुसऱ्या बाईच्या बाजूने असेलच, असं नाही.

आणि ज्यांना सोडवलं त्यांना काय? तर शिकाऊ कामगार म्हणून आणखी काही वर्षं त्याच मालकाकडे राबणं. १८३८ साली ते थांबलं. पुढे मळ्यांवर हात कमी पडू लागले, म्हणून आपल्या देशातून करारावर मजूर नेले गेले. मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गेलेल्यांत कोकणातले मराठी लोकही होते. त्यांची नातवंडं-पतवंडं आजही तिथे आहेत. त्या देशाने २००९ साली सत्य आणि न्याय आयोग नेमला आणि गुलामी व करारमजुरी, दोन्हींचा तपास केला.

नेहमी येणारा एक आक्षेप आहे. करणारे मेले, सोसणारेही मेले. आजच्यांनी का भरायचं? आक्षेप फालतू नाही. आजोबांच्या गुन्ह्यासाठी नातवाला तुरुंगात टाका असं मीही म्हणणार नाही. पण सरकार म्हणजे एक माणूस नव्हे, ते मरत नाही. मालकांना द्यायला इंग्लंडने जे कर्ज काढलं, ते पूर्ण फिटलं २०१५ साली! म्हणजे ज्यांचे खापरपणजोबा गुलाम होते, अशा इंग्लंडमधल्या काळ्या लोकांच्या करातूनही ते फिटलं. मालकांचं देणं पावणेदोनशे वर्षं वहीत राहतं, आणि गुलामांचं देणं मात्र जुनं झालं म्हणून खोडायचं, हे मला पटत नाही.

माफी काही ठिकाणी मागितली गेली. २००९ साली अमेरिकेच्या सिनेटने माफीचा ठराव केला, पण त्यातच लिहून ठेवलं की याच्या आधारे सरकारकडे काही मागता येणार नाही. नेदरलँड्सच्या पंतप्रधानांनी डिसेंबर २०२२ मध्ये आणि राजाने १ जुलै २०२३ रोजी माफी मागितली. सोबत २० कोटी युरोचा निधी जाहीर झाला. कोणाच्या हातात द्यायचा नव्हे, जागृती आणि शिक्षणासाठी. पूर्वीचे गुलाम ज्यांचे पूर्वज, त्यांतल्या अनेकांनी तक्रार केली की आम्हाला नीट विचारलंच नाही. ही तक्रार मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ज्यांचं नुकसान झालं त्यांना बैठकीत बसवल्याशिवाय ठरवलेली माफी म्हणजे एकतर्फी ठराव.

होऊ शकत नाही असं मात्र नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबलं होतं. १९८८ साली कायदा करून त्यांच्यातल्या हयात माणसांना प्रत्येकी २० हजार डॉलर आणि माफीचं पत्र दिलं. कॅलीबाई मागत होती तेव्हाही तिची माणसं हयातच होती.

कॅरिबियन बेटांवरच्या देशांनी २०१३ साली एकत्र आयोग केला आणि पुढच्या वर्षी युरोपच्या सरकारांपुढे दहा मागण्या मांडल्या. पहिली मागणी पूर्ण आणि औपचारिक माफीची आहे. बाकीच्यांत आरोग्य, साक्षरता, कर्जमाफी असं बरंच आहे. मला हा रस्ता बरा वाटतो, कारण माणशी रक्कम वाटायला गेलं की यादीत कोण बसतं आणि कोण सुटतं, हे आपल्याला लाभार्थ्यांच्या याद्यांवरून चांगलं माहीत आहे. पण दवाखाना-शाळा देताना ती मदत म्हणून नको, देणं म्हणून द्या, आणि तसं कागदावर लिहा.

गटाच्या येत्या बैठकीत कॅलीबाईची गोष्ट वाचून दाखवा. तुम्हाला काय वाटतं ते केंद्रावर फोन करून सांगा, पुढच्या वेळी तुमची मतं ऐकवू. नमस्कार.