अंधेरीच्या मैदानावरील आशा



येत्या हंगामात मुंबई सिटी ह्या आपल्या फुटबॉल संघाचे काय होणार, ह्याविषयी चार शब्द बोलण्यास मी आज आपल्यापुढे आलो आहे. मी आशेने बोलणार आहे, हे आरंभीच सांगून टाकतो. म्हणजे ज्यांना निराशेतच गोडी वाटते त्यांना वेळीच रेडिओची कळ फिरवून गाणे लावता येईल. असे एक गृहस्थ माझ्या शेजारीच राहतात. अंधेरीच्या मैदानावरील सामने आम्ही दोघांनी मिळून पाहिले आहेत. परवा जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "सावकार उठून गेला, आता ह्या घरात दिवाळी कसली?" मी म्हटले, "सावकार गेला म्हणून दुःख करणारे तुम्हीच पहिले पाहिले!" पण थट्टा बाजूस ठेवली तर त्यांच्या म्हणण्यास आधार नाही असे नाही, आणि तो आधार प्रथम मांडणे प्रामाणिकपणाचे होईल.

२०२४-२५ च्या हंगामात आपला संघ साखळीत सहावा आला आणि २९ मार्च २०२५ रोजी बंगळुरूत बाद फेरीच्या सामन्यात ५-० असा हरला. पुढे अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि इंडियन सुपर लीग चालविणारी कंपनी ह्यांच्यातील करार संपत आला, नवा काही होईना, आणि जो हंगाम एरवी पाऊस ओसरता ओसरता सुरू व्हावयाचा तो १४ फेब्रुवारी २०२६ पर्यंत लांबला. प्रत्येक संघाच्या वाट्यास अवघे तेरा सामने आले. त्यापूर्वीच, डिसेंबर २०२५ मध्ये, सिटी फुटबॉल ग्रुप ह्या परदेशी मंडळीने, जिच्या छत्राखाली मँचेस्टर सिटीसारखा बलाढ्य संघ नांदतो, आपल्या संघातील आपला ६५ टक्क्यांचा भाग सोडून दिला. माझ्या शेजाऱ्यांचा सावकार तो हाच. तेरा सामन्यांच्या त्या आखूड हंगामावरून मी कोणतेही अनुमान बांधीत नाही. एक दुखावलेला गुडघा आणि पंचांची एक चुकलेली शिट्टी एवढ्यानेही तेरा सामन्यांचे कोष्टक खालीवर होते. अनुमान बांधावयाचे तर ते लांबच्या इतिहासावरून बांधले पाहिजे.

तो इतिहास काय सांगतो? संघ २०१४ साली निघाला. त्या वर्षी नेरूळच्या मैदानावर पुण्याच्या संघावर ५-० असा विजय मिळवून त्याने घरच्या सामन्यांचा आरंभ केला, आणि शेवटी आठ संघांत सातवा आला. दुसऱ्या वर्षी गोव्याकडून सात गोल खाल्ले. एकही फेडता आला नाही. मात्र २०१६ साली संघ अंधेरीच्या शहाजी राजे भोसले क्रीडासंकुलात राहावयास आला आणि त्याच वर्षी साखळीत पहिला आला. उरुग्वेचा दिएगो फोर्लान तेव्हा आपल्याकडून खेळत होता. २०१८-१९ मध्ये संघ तिसरा आला. आता ध्यानात घ्यावयाची गोष्ट अशी की, ही दोन्ही वर्षे परदेशी भागीदार येण्यापूर्वीची आहेत. ते आले नोव्हेंबर २०१९ मध्ये. म्हणजे त्यांच्या पैशावाचून हा संघ दोनदा पहिल्या चारांत बसला होता.

पैशाने काय होते हे मला नाकारावयाचे नाही. २०२०-२१ मध्ये साखळीची ढाल आणि अंतिम सामन्याचा चषक ही दोन्ही, २०२२-२३ मध्ये पुन्हा ढाल, तीही वीस सामन्यांत ४६ गुण मिळवून, आणि २०२३-२४ मध्ये पुन्हा चषक, ही सारी पुण्याई त्याच काळातील आहे. म्हणून मी आज चषकाची ग्वाही देत नाही. पहिल्या चारांत येण्याची आशा धरतो, आणि ती आशा पूर्वानुभवाला धरून आहे असे माझे म्हणणे आहे.

शिवाय २०२३-२४ चे ते वर्ष जरा बारकाईने पाहावे. नोव्हेंबरात प्रशिक्षक डेस बकिंगहॅम हंगाम अर्ध्यावर टाकून इंग्लंडला गेले. त्यांच्या जागी पीटर क्रॅटकी आले. ग्रेग स्ट्युअर्टसारखा कसलेला खेळाडूही मध्येच निघून गेला. एप्रिलात कलकत्त्याला मोहन बागानशी गाठ पडली. ढाल त्या एका सामन्यावर अवलंबून होती, आणि ती आपल्या हातून गेली. एखाद्या संघाचे कंबरडे एवढ्याने मोडले असते. तीन आठवड्यांच्या आत, ४ मे २०२४ रोजी, त्याच शहरात, त्याच प्रतिपक्षाशी अंतिम सामना होता. पहिला गोल त्यांनी केला. नंतरचे तीन आपण केले. ज्याला घर बदलल्याची, माणसे गेल्याची सवय आहे, त्याला पुढच्या स्थित्यंतराचे भय थोडे कमी वाटते, एवढेच मला त्यावरून सुचवावयाचे आहे.

एक गोष्ट सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. ह्या चारही मानचिन्हांपैकी एकही अंधेरीत निश्चित झालेले नाही. २०२१ मधील दोन्ही गोव्यात मिळाली, तीही साथीमुळे रिकाम्या ठेवलेल्या मैदानांवर. २०२३ ची ढाल फातोर्ड्याला गोव्याच्या संघाचा ५-३ असा पराभव करून मिळाली. आणि २०२४ चा चषक कलकत्त्याला. आपण अंधेरीकरांनी विजय पाहिले ते बहुतेक घरात पडद्यावर. उलट, पराभव मात्र डोळ्यांदेखत पाहिले. ९ मार्च २०१९ च्या रात्री गोव्याने आपल्याच मैदानावर आपला ५-१ असा धुव्वा उडविला, तेव्हा वीरा देसाई मार्गावरून परतणारी मंडळी एकमेकांशी शब्द बोलत नव्हती. म्हणून हे मैदान अजून आपल्या पहिल्या सणाची वाट पाहत आहे, असे मला नेहमी वाटते.

मैदानाचा विषय निघालाच आहे, तर जून २०१८ ची हकीकत सांगतो. भारताचा संघ चार देशांच्या एका स्पर्धेसाठी अंधेरीत उतरला होता. १ जून रोजी चिनी तैपेईवर ५-० असा विजय मिळाला. सुनील छेत्रीने तीन गोल केले, आणि ते पाहावयास अडीच हजारांच्या आसपास माणसे होती. दुसऱ्या दिवशी छेत्रीने चित्रफितीतून लोकांना हात जोडले: आम्हांला शिव्या द्या, टीका करा, पण मैदानावर या. एवढेच तिचे तात्पर्य. ४ जूनला केनियाशी सामना होता. छेत्रीचा तो शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना. त्या संध्याकाळी पाऊस कोसळत होता, आणि मैदान तुडुंब भरले होते. तीन दिवसांत हे शहर बदलले नव्हते. माणसे तीच होती. त्यांना कोणी बोलाविले नव्हते इतकेच.

आता खेळाडूंकडे वळतो. मुंबईच्या मुलास फुटबॉल कोठवर नेऊ शकतो, ह्याचे उदाहरण म्हणून मी राहुल भेके ह्याचे नाव घेईन. हा मुंबईत जन्मलेला बचावपटू. १७ मार्च २०१९ रोजी, वर सांगितलेल्या पराभवानंतर आठच दिवसांनी, अंधेरीतच साखळीचा अंतिम सामना झाला. जादा वेळेतील ११७ व्या मिनिटास कोपऱ्यावरून आलेल्या चेंडूस डोके लावून भेकेने एकमेव गोल केला. दुर्दैव एवढेच की, त्याच्या अंगावर बंगळुरूचा गणवेश होता. पुढे २०२१ साली तो आपल्याकडे आला. ११ एप्रिल २०२२ रोजी रियाध येथे इराकच्या अल-कुवा अल-जाविया संघाविरुद्ध त्याच्याच गोलाने आपला संघ २-१ असा जिंकला. एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत भारतीय संघाने मिळविलेला तो पहिला विजय. २०२४ चा चषक उचलला तेव्हा कर्णधार तोच होता, आणि त्यानंतर तो पुन्हा बंगळुरूस गेला. येणे-जाणे हे ह्या धंद्यात चालावयाचेच. परंतु भागीदार गेल्यावर परदेशी खेळाडूंवर ओतावयाचा पैसा जेव्हा कमी होतो, तेव्हा संघास घराजवळ पाहावे लागते. मालाड, बोरिवली, मुलुंड येथील ज्या मुलांना आजवर राखीव बाकावर बसून हंगाम काढावा लागे, त्यांना प्रत्यक्ष मैदानात उतरण्याची संधी ह्यामुळे अधिक मिळेल असा माझा तर्क आहे. तंगीचा हा एक अनपेक्षित लाभ.

आणखी एक कारण आहे. ते ऐकून आपण हसाल, पण मी ते गंभीरपणे मानतो. ते म्हणजे आगगाडी. पूर्वी मुलुंडच्या कॉलेजातील मुलास अंधेरीला सामना पाहावयाचा म्हणजे दादरला गाडी बदलून अर्धी मुंबई फिरावी लागे. जून २०१४ मध्ये घाटकोपर-वर्सोवा मेट्रो सुरू झाली. आता तो मुलगा घाटकोपरला उतरतो, मेट्रोत बसतो आणि आझाद नगरला उतरून काही मिनिटांत दरवाजाशी येतो. जानेवारी २०२३ पासून दहिसर आणि बोरिवलीकडूनही मेट्रो थेट अंधेरी पश्चिमेस येऊ लागली आहे. कूपरेजच्या काळात, १८९१ साली सुरू झालेल्या रोव्हर्स चषकाचे सामने पाहण्यासाठी उपनगरांतून लोक दक्षिणेकडे जात. आता उपनगरांचे मैदान उपनगरांत आहे. सामना रात्री संपला तरी आई-वडिलांना फार काळजी वाटू नये इतपत सोय झाली आहे. घरून परवानगी मिळणे ही प्रेक्षक वाढण्याची पहिली अट असते, हे ज्यांच्या घरी सतरा वर्षांचा मुलगा आहे ते जाणतात.

ह्यावर एक आक्षेप येईल, आणि तो मला रात्री जागवितो. ह्याच शहरात मुंबई एफ. सी. नावाचा संघ होता. राहुल भेके तेथेही खेळला होता. २०१७ साली तो वरच्या साखळीतून खाली घसरला आणि बंद पडला. आजही फारच थोड्यांना त्याची आठवण आहे. तेव्हा संघ मरत नाहीत असे कोणी समजू नये. फरक मला इतकाच दिसतो की, मुंबई सिटीभोवती निळे सदरे घालून, ढोल घेऊन येणारा, हरल्यावरही येणारा एक समुदाय गेल्या दशकात तयार झाला आहे. २०१९ च्या त्या ५-१ च्या रात्री तो अखेरपर्यंत जागचा हलला नव्हता. मी त्याच्या मागेच बसलो होतो.

हे सारे मी शेजाऱ्यांना सांगितले. ते सगळे ऐकून घेतल्यावर म्हणाले, "पहिल्या चारांत? सहाव्याच्या वर जाणार नाहीत, लिहून ठेवा." मी लिहून ठेवले आहे. जाता जाता त्यांनी विचारले, पहिल्या घरच्या सामन्याची तिकिटे कधी निघतात, आणि त्यांच्याबरोबर माझेही एक काढून ठेवू का.